तबकडीचें अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण घरखर्चाइतकीच चित्रफितीलाहि लागू पडते. लग्नकार्याची तीन तासांची चित्रफीत आंतरजालावरून संगणकावर उतरवून घ्यावी, गांवीं असलेल्या आजीआजोबांसाठीं ती डीव्हीडीवर घालावयास जावें, आणि तबकडी अपुरी पडावी! अशा वेळीं घाईनें केलेल्या उपायानें कधीं कधीं मूळ ठेवाच हातचा जातो.

यासाठीं प्रथम अंथरूण मोजावें. साध्या एकपदरी डीव्हीडीवर ४.७ अब्ज बाइट मावतात. पुष्कळसे संगणक १,०२४ च्या पटीनें मोजतात, म्हणून तीच जागा ४.३७ जीबी अशी दिसते. त्यांत विकणाराची लबाडी नाहीं. एका बाइटाचे ८ बिट, या हिशेबानें एकूण ३७.६ अब्ज बिट झाले. तीन तासांचे सेकंद १०,८००. भागाकार केला कीं दर सेकंदाच्या वांट्यास सुमारें ३५ लाख बिट येतात. ध्वनीसाठीं दोन लाख आणि इतर व्यवस्थेसाठीं थोडे राखले, तर चित्रासाठीं सुमारें ३२ लाख उरतात. चित्रफीत दोनच तासांची असती, तर एकूण वांटा ५२ लाखांचा झाला असता. म्हणजे खरा प्रश्न फाइल केवढी आहे हा नसून, ती किती वेळ चालते, हा आहे.

म्हणूनच तीन जीबींची फाइलहि कधीं डीव्हीडीवर मावत नाहीं. उतरवून घेतलेली फीत बहुधा २००३ सालच्या एच. २६४ या पद्धतीची असते. डीव्हीडी प्लेअरला मात्र तिच्याहून जुनी एमपेग-२ ही पद्धत लागते, आणि तितक्याच स्पष्ट चित्रासाठीं ती अधिक जागा घेते.

चित्र लहान होतें तें दोन युक्तींनीं. लागोपाठच्या चित्रांत जें बदललें तेवढेंच बहुतांशीं लिहिलें जातें. आणि डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे गाळले जातात. हे बारकावे वेगळे काढण्याचें गणित नासिर अहमद, नटराजन आणि राव या तिघांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. अहमद हे मूळचे बंगळूरचे.

परंतु गाळलेलें पुन्हा मिळत नाहीं. उतरवलेली फीत आधींच एकदां गाळलेली असते. दुसऱ्यांदा गाळली कीं चेहरे पुसट होतात. झिप केल्यानें बारकावे जात नाहींत हें खरें; पण आधींच आवळलेल्या फितीची जागाहि त्यानें फारशी वांचत नाहीं.

तेव्हां शहाणपणाचा क्रम असा. आधीं नकोसा भाग कापावा. मग सगळी फीत दोनदां तपासून, वेगवान प्रसंगास अधिक व संथ प्रसंगास कमी बिट देणारी रीत निवडावी. तरीहि चित्र पुसट दिसलें, तर दोन तबकड्या कराव्या, किंवा ८.५ अब्ज बाइटांची दुपदरी तबकडी घ्यावी. प्लेअर मूळ फाइलच वाचीत असेल आणि ती तबकडीवर मावत असेल, तर ती तशीच उतरवावी. गाळण्याचें कारणच उरत नाहीं.

तयार तबकडी ज्या प्लेअरवर पाहावयाची, त्यावरच शेवटपर्यंत चालवून पाहावी. ती उत्तम चालली तरीहि मूळ फाइल पुसूं नये. निराळ्या ठिकाणीं तिची आणखी एक प्रत ठेवावी. तबकडी बिघडली तर मूळ फाइलीवरून दुसरी करतां येते. मूळ गेलें, तर गाळलेल्या तबकडीवरून तें पुन्हा उभें करतां येत नाहीं.