ऋतुपर्णाची मोजणी
(शालेय विद्यार्थी व पालक यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान मराठी वाचकाला अपरिचित नाही. रघुनाथ पंडितांच्या ‘दमयंतीस्वयंवरा’ने नल-दमयंतीला मराठी काव्यात कायमचे स्थान मिळवून दिले. द्यूतात राज्य गमावलेल्या नलाची कथा आपल्याकडे बहुधा दैवाची कथा म्हणून वाचली जाते. तथापि तिच्यातील एक प्रसंग दैवाचा नसून गणिताचा आहे. संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणे शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा, इतका तो मोलाचा आहे.

राज्यभ्रष्ट नल बाहुक या नावाने अयोध्येचा राजा ऋतुपर्ण याचा सारथी झालेला असतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता येते आणि ऋतुपर्ण तातडीने विदर्भातील कुंडिनपुराकडे निघतो. वाटेत बेहड्याचा वृक्ष दिसतो. त्याकडे पाहून राजा सांगतो, की खाली पडलेली पाने व फळे झाडावर असलेल्यांपेक्षा एकशे एकाने अधिक आहेत आणि दोन फांद्यांवर मिळून पाच कोटी पाने व २०९५ फळे आहेत. बाहुक रथ थांबवतो. उशीर होईल म्हणून राजा विनवतो, पण बाहुक ऐकत नाही. तो झाड पाडून फळे मोजतो आणि आकडा तंतोतंत जुळतो. तेव्हा ऋतुपर्ण सांगतो, की त्याला फाशांचे मर्म ठाऊक आहे आणि तो संख्येच्या विद्येतही निष्णात आहे. अश्वविद्येच्या बदल्यात ते मर्म नलाला मिळते आणि त्याच क्षणी त्याच्या देहात ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडतो.

येथे दोन विद्या एकत्र नांदताना दिसतात: फाशांची आणि अंदाजाची. वेदकाळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत, हेही ध्यानात घ्यावे. संभाव्यतेच्या इतिहासाचे अभ्यासक इयन हॅकिंग यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रसंगाकडे लक्ष वेधले. युरोपात या विषयाचा गणिती पाया पास्कल आणि फर्मा यांच्या १६५४ मधील पत्रव्यवहारात घातला गेला, असे मानतात.

प्रथम फाशांकडे वळू. दोन फासे टाकले असता ३६ प्रकारची दाने पडू शकतात. बेरीज ७ येण्याचे मार्ग सहा, तर १२ येण्याचा मार्ग एकच. म्हणून ७ ची संभाव्यता एक षष्ठांश आणि १२ ची एक छत्तिसांश. शाळेत शिकवला जाणारा ‘नमुना अवकाश’ म्हणजे शक्य असलेल्या सर्व दानांची ही यादीच होय. ती नीट मांडली की निम्मे गणित सुटते.

नाणे लागोपाठ पाच वेळा छापा दाखवते, तेव्हा ‘आता काटाच पडणार’ असे अनेकांना वाटते. परंतु नाण्याला स्मरणशक्ती नसते. सहाव्या वेळीही दोन्ही बाजूंची संभाव्यता निम्मीच राहते. याकोब बेर्नुली याच्या १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने दाखवून दिले, की फेका पुष्कळ वाढल्या म्हणजे छाप्याचे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते. हे घडते ते पुढील असंख्य फेकांत आधीचे पाच छापे नगण्य ठरतात म्हणून. नाणे कोणाची भरपाई करीत नाही. हरलेला जुगारी ‘आता तरी आपली पाळी’ म्हणून पुन्हा पण लावतो, तेव्हा तो नेमके हेच विसरलेला असतो. नलाच्या अंगातला कली तो हाच.

आता अंदाजाची विद्या. ऋतुपर्णाने आकडा कसा काढला, हे कथा सांगत नाही. परंतु थोडे मोजून पुष्कळाचा अदमास घेण्याची रीत मराठी स्वयंपाकघराला ठाऊक आहे. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ती हीच. मात्र भात सारखा ढवळलेला नसेल, तर वरचे शीत शिजलेले आणि तळचे करपलेले, असे व्हायचे. म्हणून नमुना यादृच्छिक असावा लागतो. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत हेच तत्त्व शेतीला लावले. यदृच्छेने निवडलेल्या शेतात यदृच्छेनेच एक तुकडा आखायचा, त्यातील पीक कापून तोलायचे आणि त्यावरून साऱ्या प्रदेशाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधायचा. चांगले पीक पाहून तुकडा निवडला, तर अंदाज फुगतो. आणि त्या फुगलेल्या आकड्यावर अन्नधान्याचे नियोजन झाले, तर पुढे कोणाच्या तरी ताटात घास कमी पडतो.

सरासरीही अशीच जपून वापरावी. समजा, वाचनालयाच्या दहा सभासदांपैकी नऊ जणांनी वर्षात प्रत्येकी दोन पुस्तके वाचली आणि एकाने ब्याऐंशी. सरासरी निघते दहा, आणि अहवालात ती शोभूनही दिसते. पण दहा पुस्तके वाचणारा सभासद त्या दहांत एकही नाही. मध्यक मात्र दोन येतो आणि खरी स्थिती सांगतो. आकडा खोटा नसूनही दिशाभूल करू शकतो, हे मुलांना दहावीतच कळले, तर पुढे जाहिराती आणि निवडणुकांचे अंदाज ती डोळसपणे वाचतील.

फाशांचे मर्म मिळाल्यावर नल पुन्हा खेळतो आणि राज्य जिंकतो. आजचे गणित अशी हमी देत नाही. पुढचे दान कोणते पडेल, हे ते सांगत नाही. किती जोखीम पत्करली जात आहे, एवढे मात्र स्पष्ट सांगते. सर्वस्व पणाला लावण्यापूर्वी तेवढे कळले, तरी पुष्कळ अनर्थ टळतात. ही कथा बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला, म्हणजे द्यूतात सर्वस्व घालवून बसलेल्यालाच सांगतात आणि अखेर अक्षविद्याही त्याला देतात, ती काय उगीच?

विद्यार्थी मित्रहो, ऋतुपर्णाचे ज्ञान मोठे, तशीच बाहुकाची शंकाही मोठी. सांगणारा राजा होता, प्रवासाची घाई होती, तरीही तो रथातून उतरला आणि फळे मोजू लागला. कोणी आकडा पुढे करील, तेव्हा तो कोठून आला, किती जणांना विचारून आला, हे विचारायला तुम्हीही असेच रथातून उतरा.