दाण्याचं कूट आणि शाळेचा डबा

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)



शाळेच्या डब्यावर मी बोलणार म्हटल्यावर आमच्या घरातून पहिला प्रश्न आला, "डबा भरतं कोण?" तर आधीच सांगून टाकतो, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार मी भरतो. उरलेले दोन दिवस ज्या व्यक्तीचे आहेत ती समोरच बसली आहे, त्यामुळे फार फुशारकी मारता येणार नाही.

विषय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली की दप्तरातून एक चिठ्ठी घरी येते. वर्गात शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेलं मूल आहे, कृपया दाणे आणि नट्स असलेले पदार्थ पाठवू नयेत. ओटावात नवीन आलेल्या मराठी घरात ही चिठ्ठी वाचली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, "हे जरा अतीच होतंय." दुसरी, "मग आता रोज काय चीज सँडविचच द्यायचं?" आज या दोन्हींवर बोलतो, आणि शेवटी एक तिसरी गोष्ट, जी शाळेची नसून आपल्या मंडळाची आहे.

अती होतंय का, हे ठरवण्याआधी एका मुलीची गोष्ट ऐका. ओटावापासून साधारण दीडशे किलोमीटरवर, नदीच्या वरच्या अंगाला पेम्ब्रोक नावाचं गाव आहे. तिथे सब्रीना शॅनन नावाची तेरा वर्षांची मुलगी राहत होती. तिला शेंगदाणे, सोया आणि दूध या तिन्हींची ॲलर्जी होती. स्वतःची काळजी घ्यायला ती इतकी शिकलेली होती की लहान वयातच तिने आपल्या ॲलर्जीवर सीबीसी रेडिओसाठी एक कार्यक्रम केला होता. सप्टेंबर २००३ मध्ये तिने शाळेच्या कॅफेटेरियात फ्रेंच फ्राइज घेतल्या. कशात तळतात याची चौकशीही तिने केलेली होती. तरीही थोड्या वेळात तिला श्वास घेता येईना. तिचं एपिपेन, म्हणजे एपिनेफ्रिनचं तयार इंजेक्शन, लॉकरमध्ये होतं. ते आणेपर्यंत उशीर झाला, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. फ्राइज उचलायचा चिमटा आधी पुटीनच्या चीजला लागला असावा, असा नंतर अंदाज निघाला. मुद्दाम लक्षात घ्या, तिथे शेंगदाणा नव्हताच. एका चिमट्याला लागलेलं थोडंसं दूध पुरलं.

तिच्या आईने पाठपुरावा केला, डेव्ह लेवॅक या आमदारांनी विधेयक मांडलं, आणि १ जानेवारी २००६ पासून ओंटारिओत 'सब्रीनाज लॉ' लागू झाला. या कायद्याबद्दल आपल्यात एक गैरसमज आहे. कायद्याने शेंगदाण्यावर बंदी घातलेली नाही! कायदा सांगतो की प्रत्येक स्कूल बोर्डाचं यावर धोरण हवं, अशा प्रत्येक मुलाची स्वतंत्र योजना शाळेत तयार हवी, कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण हवं, आणि धोका कमी करायचे उपाय हवेत. वेळ आली तर शिक्षकाने इंजेक्शन द्यावं, परवानगीच्या कागदासाठी थांबू नये, याचीही सोय त्यात आहे. 'दाणे पाठवू नका' हा नियम त्या उपायांपैकी एक, आणि तो शाळा आपापल्या परीने ठरवते. म्हणून एका शाळेत फक्त शेंगदाण्याला मनाई असते, दुसरीत काजू-बदामालाही. आपल्या शाळेत नेमकं काय आहे ते विचारून घ्या, शेजारच्या घरावरून ठरवू नका.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. इथल्या लोकांना शेंगदाणा म्हटला की पीनट बटरची बाटली दिसते. ती कपाटात ठेवली की प्रश्न मिटला. आपल्याकडे तसं नाही. आपला शेंगदाणा वेष बदलून सगळीकडे असतो! काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, पालेभाजीचा रस्सा, साबुदाण्याची खिचडी, कांदेपोहे, लाल चटणी, गुळपोळीचं सारण. आणि तो अख्खा नसून कुटाच्या रूपात असतो, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. बघा, एखाद्या गोऱ्या शिक्षिकेने कोशिंबिरीचा डबा उघडून पाहिला तर तिला काय कळणार? दही, काकडी आणि काहीतरी पांढरट. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सगळ्यात त्रास देणारी चूक ती, जी स्क्रीनवर दिसत नाही. कूट तसलंच आहे.

दुसरं म्हणजे मिक्सर. कूट ज्या भांड्यात होतं त्याच भांड्यात इडलीची चटणी वाटली जाते. झाकणाच्या रबरी रिंगखाली जे अडकतं ते नुसतं विसळून जात नाही. कुटासाठी एक वेगळं छोटं भांडं ठेवा, एवढा एक बदल केला तरी बरंच काम होतं. तिसरं, तेल. घाण्याचं शेंगदाणा तेल हल्ली पुन्हा आवडीने आणलं जातं. पूर्ण रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात ते राहतं, आणि ॲलर्जी असते ती प्रथिनाची. डब्याच्या स्वयंपाकाला दुसरं तेल वापरा म्हणजे विचारच करायला नको.

चौथं, लेबल. कॅनडात काही ठरावीक ॲलर्जीकारक पदार्थ पाकिटावर स्पष्ट नावाने लिहिणं सक्तीचं आहे. ऑगस्ट २०१२ पासून हे नियम आणखी कडक झाले, आणि त्या यादीत शेंगदाणे, नट्स, तीळ यांच्याबरोबर मोहरीसुद्धा आहे. होय, आपली फोडणीची मोहरी! पण 'मे कंटेन' ही सूचना उत्पादकाने स्वखुशीने लिहायची असते. ती नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नये. फरसाण, शेव, चिवडा यांची पाकिटं नीट वाचा. मसालेही वाचा. २०१४च्या अखेरीस आणि २०१५च्या सुरुवातीला अमेरिकेत जिऱ्याच्या पुडीत शेंगदाण्याचं प्रथिन सापडलं, आणि जिरं घातलेला कितीतरी माल दुकानांतून परत घ्यावा लागला. सुट्या मालाच्या दुकानात एकच स्कूप दहा डब्यांत फिरतो, तिथून डब्यासाठी काही आणू नये हे उत्तम.

बरं, मग द्यायचं काय? तुम्ही समजता तितकं अवघड नाही. आपल्या आज्यांनी दाण्याला पर्याय कधीच करून ठेवले आहेत, आपणच विसरलो. जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, लसूण-खोबऱ्याची चटणी. कॅनडात नारळ नियमाप्रमाणे नट्समध्ये धरत नाहीत, तरी आपल्या शाळेला विचारून घ्यावं. आणि जवस तर इथलंच पीक आहे, सस्कॅचेवान-मॅनिटोबाच्या प्रेअरीत पिकतं! कोशिंबिरीत कुटाऐवजी डाळ्याचं भरड पीठ किंवा भोपळ्याच्या भाजलेल्या बियांचं कूट चांगलं लागतं. वर्गात कुणाला तिळाची ॲलर्जी नसेल तर भाजलेले तीळही चालतात. सूर्यफुलाच्या बियांचं कूट चवीला दाण्याच्या सगळ्यात जवळ जातं. पण ते दिसतंही तसंच! म्हणून असलं काही दिलंत तर डब्यावर इंग्रजीत चिठ्ठी लावा, 'यात शेंगदाणे नाहीत, सूर्यफुलाच्या बिया आहेत'. शिक्षिकेचा जीव टांगणीला लागत नाही, आणि आपल्या पोराचा डबा न खाता परतही येत नाही.

आमच्याकडचा आठवडा सांगतो. सोमवारी बटाट्याच्या भाजीची पोळीत गुंडाळलेली सुरळी. मंगळवारी मटार घातलेले बटाटेपोहे. बुधवारी भाजणीचं थालीपीठ आणि दही. गुरुवारी मुगाची खिचडी थर्मासमध्ये. थर्मासमध्ये आधी दहा मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवायचं, मग ओतून टाकून गरम खिचडी भरायची. बाहेर उणे वीस असलं तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती गरम राहते. शुक्रवारी गूळ-तूप-पोळी किंवा इडली. गोडाला बिनकाजूचा रव्याचा लाडू. एक लक्षात ठेवा, मुलांना खायला जेमतेम वीस मिनिटं मिळतात, तेव्हा हाताने पटकन खाता येईल असंच द्या. साबुदाण्याच्या खिचडीला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. दाण्याशिवाय तिचा गोंद होतो. ती रविवारी घरी खा, आणि नंतर मुलांचे हात साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझरने ते प्रथिन निघत नाही.

आता 'आमच्या लहानपणी असं काही नव्हतं' याबद्दल. भारतातून आलेले आजी-आजोबा हे म्हणतातच, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पूर्वी इकडचे डॉक्टर ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नका असं सांगत. २०१५ साली लंडनच्या 'लीप' या अभ्यासाने ते उलटं ठरवलं. एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं त्यांनी घेतली. ज्यांना तान्हेपणापासून नियमित शेंगदाणा दिला त्यांच्यात पाचव्या वर्षापर्यंत ॲलर्जीचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास कमी निघालं. आता कॅनडातले बालरोगतज्ज्ञही साधारण सहाव्या महिन्यापासून, अर्थात पातळ करून, द्यायला सांगतात. बाळाला जास्त एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. थोडक्यात, आजीचा वरणभातात चिमूटभर कूट घालायचा हात अगदीच चुकीचा नव्हता! पण हा उपाय ॲलर्जी व्हायच्या आधीचा. जिला ती झाली आहे त्या मुलीला "थोडंसं खाऊन बघ, सवय होईल" असं कुणीही, अगदी प्रेमानेसुद्धा, म्हणू नये.

आणखी एक प्रश्न मला नेहमी विचारतात. "दुसऱ्याच्या मुलासाठी माझ्या मुलाने काय खायचं ते का बदलावं?" प्रश्न रास्त आहे. बंदीने नेमका किती फायदा होतो यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. २०२१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने शाळांना सरसकट बंदीपेक्षा प्रशिक्षण आणि हाताशी इंजेक्शन यांवर भर द्यायला सांगितलं. तरीही पाच वर्षांच्या मुलाला लेबल वाचता येत नाही, आणि शेजारच्याच्या डब्यातला घास मागायचा मोह आवरत नाही. दिवसातल्या एका जेवणात आपण कूट घातलं नाही तर आपलं फार जात नाही, एवढाच माझा हिशोब.

आता ती तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर उभा आहे. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या सुमारे दोन हजार कॅनेडियन मुलांची काही वर्षं नोंद ठेवली, तीही २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. चुकून दाणे पोटात जाण्याचे एकतृतीयांशाहून जास्त प्रसंग स्वतःच्या घरातले होते. त्यानंतर दुसऱ्यांची घरं आणि रेस्टॉरंट. शाळांचा वाटा लहान होता. म्हणजे आपण शाळेच्या डब्यावर एवढं लक्ष देतो, आणि जिथे जास्त धोका आहे तिथे, वाढदिवसाला, हळदीकुंकवाला, मंडळाच्या पॉटलकला, कुणी काही विचारतच नाही.

आपल्याच मंडळात एक मूल आहे. गेली चार वर्षं ते दिवाळीच्या कार्यक्रमाला येतं, नाचात भाग घेतं, आणि फराळाच्या वेळी कोपऱ्यात बसून घरून आणलेला डबा खातं. त्याच्या आईने कधी तक्रार केली नाही. कुणाला त्रास नको म्हणून ती काही सांगतही नाही. शाळेत त्याच्यासाठी कायदा आहे, योजना आहे, शिकवलेली माणसं आहेत. आपल्याकडे, आपल्या माणसांत, काहीच नाही.

म्हणून या वर्षीच्या फराळासाठी तीन विनंत्या. पहिली, प्रत्येक पदार्थासमोर एक कार्ड: शेंगदाणे, नट्स, तीळ, मोहरी, दूध, गहू, अंडं यांपैकी काय आहे ते. पदार्थ करणाऱ्यानेच लिहायचं, आणि खात्री नसेल तर 'खात्री नाही' असं लिहायचं. दुसरी, ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी वेगळं टेबल, वेगळे चमचे, आणि त्यांना सगळ्यात आधी वाढायचं. चिवड्यातला डाव चकलीत जाण्याच्या आधी! त्या टेबलावर काय ठेवायचं ते त्यांच्या आईवडिलांना विचारून. तिसरी, मंडळाच्या निदान चारपाच जणांनी एपिपेन कसं द्यायचं ते शिकून घ्यायचं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, श्वास लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आधी इंजेक्शन आणि लगेच ९११. बरं वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये जायचंच, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून वाट बघत बसायचं नाही.

कार्डं छापायचं काम माझ्याकडे, नमुना तयार आहे. बिनदाण्याचा, बिनकाजूचा चिवडा आम्ही आणू, डाळं आणि खोबरं भरपूर घालून, नव्या पातेल्यात केलेला. वेगळ्या टेबलासाठी आणखी चार घरं हवी आहेत. चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्या.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!