रुग्णसेवा आणि सावधानता
(दुसरबीड येथें ज्युबिलीप्रसंगीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवाचे आभार मानावे व पूर्वजांचें स्मरण करावें हें उचितच आहे. परंतु ज्या धर्मानें रुग्णसेवेची गणना दयेच्या कृत्यांत केली, त्याच्या अनुयायांनीं आज आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा: जी सेवा होते ती रुग्णास सुखरूप ठेवते काय? अंतःकरणांत दया असली म्हणजे सर्व कांहीं झालें, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं.

१९८६ सालच्या आरंभीं मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयांत १४ रुग्ण ग्लिसरॉल हें औषध दिल्यानंतर मरण पावले. त्या औषधांत डायएथिलीन ग्लायकॉल नांवाचें विष मिसळलेलें होतें. हें द्रव्य रंगहीन, गोडसर व दिसावयास ग्लिसरीनसारखेंच असतें. पण तें मूत्रपिंडें निकामी करतें. औषध लिहून देणाऱ्याच्या मनांत रुग्ण बरा व्हावा हीच इच्छा होती, पाजणाऱ्याच्या हातांत माया होती. तरी बाटलींत मरण होतें. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें चौकशी करून १९८७ सालीं अहवाल दिला, व औषधांची खरेदी, तपासणी आणि सरकारी देखरेख यांतील हयगय व भ्रष्टाचार उघडा केला.

हें विष नवें नव्हतें. १९३७ सालीं अमेरिकेंत त्यानेंच शंभरावर बळी घेतले होते, व त्यामुळें तेथें १९३८ चा औषधविषयक कायदा झाला. तें संपलेंही नाहीं. २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा भागांत खोकल्याच्या औषधांतून तेंच विष मुलांच्या पोटांत गेलें. वीसाहून अधिक बालकें दगावलीं. त्यांतील कित्येकांना आपल्या विदर्भांतील नागपुरास उपचारांसाठीं आणलें होतें. एकदां शिकलेला धडा पुन्हां पुन्हां गिरवावा लागतो, हाच याचा अर्थ.

आतां आपल्या दुसरबीडकडे वळूं. येथून अवघड दुखण्याचा रुग्ण जालन्यास, बुलढाण्यास किंवा छत्रपति संभाजीनगरास न्यावा लागतो. वाटेंत तो एका हातांतून दुसऱ्या व दुसऱ्या हातांतून तिसऱ्या हातांत जातो. प्रत्येक हातबदलीस कांहींतरी सांगावयाचें राहून जाण्याचा संभव असतो: कोणतें इंजेक्शन दिलें, केव्हां दिलें, कोणतें औषध त्यास मानवत नाहीं. येथें आपल्या प्रभूनें सांगितलेला दयाळू शोमरोनी आठवावा. त्यानें जखमा बांधल्या व त्या मनुष्यास उतारशाळेंत नेलें, एवढेंच आपण लक्षांत ठेवितों. परंतु तो त्या रात्रीं तेथेंच राहिला. दुसऱ्या दिवशीं उतारशाळेच्या रक्षकास पैसे देऊन रुग्णाची काळजी घेण्यास सांगितलें. आणि परत येण्याचें वचन दिलें. सोंपविणें व पुन्हां येऊन पाहणें, हीं दोन्ही त्याच्या दयेचींच अंगें होत.

जगांतील जाणत्या वैद्यांनींही हाच मार्ग धरिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं शस्त्रक्रियेसाठीं १९ कलमांची एक यादी प्रसिद्ध केली. रुग्णाचें नांव काय, शस्त्रक्रिया कोणत्या अंगावर, कोणतें औषध सोसत नाहीं, हें सर्वांनीं मोठ्यानें बोलून पडताळावें, असा तिचा नियम. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हां मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें. नवें यंत्र नाहीं, नवें औषध नाहीं. केवळ विचारण्याची शिस्त.

येथें एक विवेक ठेवणें अवश्य आहे. लोभानें विष विकणारा गुन्हेगारच. त्यास शासन झालेंच पाहिजे. परंतु थकलेल्या परिचारिकेच्या हातून चूक झाली व ती तिनें आपण होऊन सांगितली, तर तिच्यावर तुटून पडूं नये. कबुलीस नुसती शिक्षाच मिळूं लागली, तर पुढची चूक झांकली जाईल व तिचें फळ दुसऱ्याच रुग्णास भोगावें लागेल. पापनिवेदनाचें मोल जाणणाऱ्या आपणांस हें अधिक समजावून सांगणें नको.

मग आपण काय करावें? जुने कागद व चालू औषधें घेऊनच दवाखान्यांत जावें. न मानवणारें औषध आधीं सांगावें. तपासण्यापूर्वीं हात धुतले काय, हें नम्रपणें विचारण्यास लाजूं नये. दुकानांतून पावती घ्यावी. मुलास खोकल्याचें औषध आपल्या मनानें देऊं नये. दोन वर्षांखालील मुलांस तें देऊं नये, व पांच वर्षांखालील मुलांस सहसा देऊं नये, अशी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाची ऑक्टोबर २०२५ ची सूचना आहे. औषधानंतर मुलाची लघवी थांबली किंवा कमी झाली, तर बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गांठावें. औषधाचा अपाय झाल्यास १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर कळवावें.

आजाऱ्याची सेवा ही प्रभूचीच सेवा, असें आपण मानतों. प्रभूच्या देहास जितक्या आदरानें व सावधपणें हात लावावा, तितक्याच सावधपणें आपल्या शेजाऱ्याच्या देहास लावूं या.