टर्मिनलची नोंद आणि टर्मिनलशी संवाद

लिनक्सवर टर्मिनलमध्ये काम करणाऱ्यांसाठी आज दोन उपयोगी गोष्टी सांगणार आहे.

पहिली, कामाची नोंद. युनिक्सच्या बर्कली आवृत्तीतून आलेली 'स्क्रिप्ट' ही आज्ञा लिनक्सवरही चालते. ती सुरू केली की पडद्यावर उमटणारा सगळा मजकूर फाइलमध्ये उतरत जातो. 'एक्झिट' दिले की नोंद थांबते. वेळेची नोंदही ठेवली, तर 'स्क्रिप्टरिप्ले' तेच काम त्याच गतीने पुन्हा दाखवते. शिकवताना आणि बिघाड शोधताना ही नोंद फार मोलाची ठरते.

दुसरी, मजकूर पाठवणे. पासवर्ड विचारणारे बरेच प्रोग्राम उत्तर थेट टर्मिनलवरूनच वाचतात. पाइपमधून दिलेले उत्तर ते घेत नाहीत. त्यावर अमेरिकेतील डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये 'एक्सपेक्ट' हा उपाय मांडला. तो आभासी टर्मिनल उभा करतो, अपेक्षित प्रश्न दिसेपर्यंत थांबतो आणि मगच उत्तर पाठवतो. टर्मिनल सत्रे सांभाळणाऱ्या 'टीमक्स' या प्रोग्राममधील 'सेंड-कीज' ही आज्ञा चालू सत्रात मजकूर टाइप करते, पण प्रश्नाची वाट पाहत नाही. त्यामुळे पुढची आज्ञा देण्याआधी पडदा तपासण्याची जबाबदारी तुम्ही लिहिलेल्या आज्ञांच्या स्क्रिप्टवर येते.

दोन बाबतींत मात्र काळजी नक्की घ्या. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहून ठेवू नका. टाइप केलेला पासवर्ड सहसा पडद्यावर दिसत नाही, म्हणून 'स्क्रिप्ट' आज्ञेच्या नोंदीतही येत नाही. पण उघडून पाहिलेल्या फाइलमधली गुपिते येतात. म्हणून नोंदीची फाइल फक्त स्वतःलाच वाचता येईल अशी ठेवा.