श्वासयंत्र सोसत नसेल तर?



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही विषयाकडे वळतो. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, डॉक्टर नव्हे. परंतु पै-पै जमवून घेतलेले एक यंत्र काही घरांत कपाटावर धूळ खात पडले आहे, म्हणून बोलणे भाग आहे.

घोरणे म्हणजे गाढ झोप, हा समज खोटा आहे. स्लीप ॲप्निया या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो. श्वास १० सेकंद किंवा अधिक काळ अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो. तासाला ५ पासून १५ पर्यंत अडथळे आले तर आजार सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र मानतात. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, दिवसा डुलकी लागते. ट्रक चालवणाऱ्या किंवा रात्रपाळीला यंत्रावर उभ्या असलेल्या बांधवाची ही डुलकी जीवघेणी ठरू शकते.

१९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत मांडली. हेच सीपॅप. आजही हा सर्वांत प्रभावी उपाय आहे. पण कुणाला मुखवटा टोचतो, कुणाचे नाक कोरडे पडते, कुणाला गुदमरल्यासारखे होते.

अशा वेळी यंत्र टाकून देण्याआधी ते आपल्याला जुळवून घ्यावे. मुखवट्याचा आकार व प्रकार बदलता येतो. हवेला ओलावा देण्याची, दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते. श्वासागणिक दाब कमी-जास्त करणारी यंत्रेही आहेत. दिवसा जागेपणी अर्धा तास मुखवटा लावून बसल्याने भीती मोडते. चोंदलेल्या नाकावर आधी उपचार करावेत.

तरीही जमले नाही, तर दुसरे मार्ग आहेत. सौम्य व मध्यम आजारात दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी बनवून देतात. त्यासाठी दात मजबूत हवेत. टॉन्सिल मोठे असल्यास किंवा जबड्याची ठेवण अडचणीची असल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. जिभेच्या नसेला चेतना देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली, पण ते फार खर्चिक आहे.

काही उपाय बिनखर्चाचे आहेत. अनेकांचा श्वास उताणे झोपल्यावर अधिक अडतो. त्यांनी कुशीवर झोपावे. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाच्या शिल्पात तथागत उजव्या कुशीवरच पहुडलेले आहेत. ती मुद्रा औषध म्हणून नाही, पण सवय लावण्यास आठवण पुरेशी आहे. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. पंचशीलातील पाचवे शील आणि बाबासाहेबांनी १९५६ मध्ये दिलेल्या २२ प्रतिज्ञांतील मद्यत्यागाची प्रतिज्ञा येथे शरीरालाही तारते. झोपेच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत.

वजनाचेही तसेच. संयुत्त निकायात कोसलराज पसेनदीची कथा आहे. भरपेट जेवून धापा टाकत आलेल्या राजाला भगवंतांनी मिताहाराचा उपदेश केला. राजाने जेवताना तो उपदेश रोज आपल्याला ऐकवण्याचे काम एका तरुणाकडे सोपवले, अन्न हळूहळू कमी केले आणि तो सडपातळ झाला. भगवंतांनी उपवास सांगितला नाही, मात्रा सांगितली. वजन घटले की श्वासाचे अडथळेही बहुधा कमी होतात.

मात्र घोरणे थांबले म्हणजे आजार गेला, असे नव्हे. कोणताही पर्याय निवडल्यावर झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी. ऐकीव गोष्ट अनुभवाने पारखून घ्या, हीच कालामांना दिलेली शिकवण आहे.

भगिनींनो, शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास अडतो हे आधी तुम्हालाच कळते. विद्यार्थ्यांनो, वडिलांच्या घोरण्याला हसू नका, त्यांना दवाखान्यात न्या. कपाटावरचे यंत्र खाली काढा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “हे सोसत नाही, दुसरे काय करता येईल?” हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही, न विचारण्यात धोका आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!