बशीची गोष्ट कोण सांगणार?

रायपूरच्या चौबे कॉलनीतून, आपल्या महाराष्ट्र मंडळातून बोलतेय.

टेबलावर दोन वस्तू ठेवल्यात, त्या बघा. एक लोणच्याची बरणी, दुसरी निळ्या नक्षीची बशी. दोन्ही माझ्या आजीच्या. आपण दोन्हींना ‘चिनी माती’च म्हणतो. आता बशीमागे टॉर्च धरते. बोटांची सावली दिसली? बरणीतून मात्र उजेड येत नाही.

बशी पोर्सेलिनची आहे. केओलिन नावाची पांढरी माती आणि एका दगडाची पूड एकत्र करून साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजली, की ती काचेसारखी घट्ट होते. पातळ भागातून उजेड येतो, टिचकी मारली तर छान नाद येतो.

चीनला ही विद्या शेकडो वर्षं अवगत होती. युरोपला ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जमली. तोवर तिथले राजे या भांड्यांसाठी वेडे झाले होते. सॅक्सनीचा ऑगस्टस तर विचारूच नका! १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. माणसं देऊन भांडी! पुढे त्याच्याच राज्यात, मायसेनला, १७१० पासून चालू असलेल्या कारखान्याने युरोपभर नाव कमावलं.

पण याच राजाच्या दरबारात एक शहाणपणाचं काम झालं. १७२१ मध्ये त्याच्या संग्रहाची यादी करायला घेतली आणि भांड्यांवर क्रमांक घातले. तो संग्रह आज ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. मधल्या काळात बाहेर गेलेली भांडीसुद्धा त्या क्रमांकावरून ओळखता येतात.

एवढ्या लांब जायला नको. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८ साली वारले. त्यांनी जमवलेल्या कलावस्तू नंतर या संग्रहालयाला मिळाल्या. थोरले बंधू सर दोराबजींचा संग्रह १९३३ मध्ये आला. त्यांत चिनी आणि जपानी पोर्सेलिन आहे. कोणी जमवलं, कधी आलं, हे आज आपल्याला कळतं, कारण तेव्हा कोणीतरी नोंद केली.

आता माझ्या बशीकडे या. ती चीनची, जपानची की युरोपातली, मला सांगता येत नाही. आमच्या घरात कशी आली, तेही नाही. आजी ती स्वतःच्या हाताने धुवायची आणि धुताना तिची गोष्ट सांगायची. कोणीतरी दिली होती, कुठल्यातरी प्रवासात. मी “हो आजी, हो” म्हणत अभ्यासाला पळायचे. आज बशीला साधा टवकासुद्धा उडालेला नाही, पण गोष्ट गेली. ती सांगणारं आता घरात कोणी उरलं नाही.

आपण रायपूरला आलो ते कोणी नागपूरहून, कोणी विदर्भातल्या गावांहून, कोणी आणखी लांबून. येताना पितळेचे डबे, पाटा-वरवंटा, देव, बरण्या घेऊन आलो. त्यांची किंमत किती, ते सोनार किंवा भंगारवाला सांगेल. कोणी दिलं, कधी, कशासाठी, हे फक्त घरातलं मोठं माणूस सांगेल.

म्हणून आज घरी गेलात की एकच वस्तू काढा. आईला, मावशीला, आजोबांना विचारा. चार ओळींची चिठ्ठी लिहा, खाली तारीख घाला आणि त्या वस्तूतच ठेवा. मी बरणीत चिठ्ठी ठेवली आहे. बशीसाठी मला उशीर झाला.