प्रतिजैविके : खासगी सोय, सामाजिक किंमत



पावसाळ्यात दिल्ली व परिसरातील कूलर, कुंड्या आणि उघड्या टाक्यांत एडिस डासांची पैदास होते आणि डेंग्यूचे रुग्ण वाढतात. १९९६ च्या साथीत दिल्लीत दहा हजारांवर रुग्ण आढळले. चारशेहून अधिक दगावले. डेंग्यू विषाणूजन्य आहे, तर प्रतिजैविके केवळ जीवाणूंवर परिणाम करतात. तरीही ताप येताच दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या घेतल्या जातात; कारण रक्ततपासणीपेक्षा गोळी स्वस्त पडते.

या व्यवहाराची पूर्ण किंमत मात्र ग्राहक मोजत नाही. अर्थशास्त्रात यास ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. तो किती दूर पोहोचतो, हे हिवतापाच्या डासांवरील एका प्रयोगातून दिसते. मादी डास अंड्यांच्या पोषणासाठी रक्त शोषते. रक्तातील औषधही तिच्या पोटात जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ॲनॉफिलिस डासांना प्रतिजैविकयुक्त मानवी रक्त दिले गेले. त्यांच्या आतड्यातील जीवाणू घटले, डास अधिक जगले, त्यांनी अंडी अधिक घातली आणि हिवतापाच्या परजीवीची लागण त्यांना अधिक सहज झाली. हा निष्कर्ष सर्व प्रतिजैविकांना लागू नाही. पण औषधाचा परिणाम रुग्णाच्या शरीरापुरता थांबत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. औषधाच्या माऱ्यातून तगलेले जीवाणू वाढतात आणि प्रतिरोधाचे जनुक इतर जीवाणूंनाही देतात. नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या तपासणीत २००८ मध्ये स्वीडनमध्ये कार्बापेनेमसारखी प्रभावी औषधे निष्प्रभ करणारे विकर आढळले. त्यास ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१’ असे नाव दिले गेले. शहराच्या नावावरून वाद झाला. परंतु २०११ मधील अभ्यासात दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत त्याचे जनुक सापडले. २०१९ मध्ये जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट प्रतिरोधी जीवाणूंमुळे झाले.

१ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद विक्रेत्यांना बंधनकारक झाली. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. मात्र केवळ निर्बंध पुरेसे नाहीत. डॉक्टर दूर असलेल्या गावात आवश्यक प्रतिजैविक न मिळाल्यानेही रुग्ण दगावतो. म्हणून निदान गोळीपेक्षा स्वस्त व जवळ उपलब्ध करणे, सांडपाण्यावर प्रक्रिया करणे आणि डासांची पैदास रोखणे, यांवरील सार्वजनिक खर्च ही गुंतवणूकच ठरते. प्रतिजैविकांची परिणामकारकता ही सामाईक संपत्ती आहे. तिचा अपव्यय एकाचा, पण तोटा सर्वांचा असतो.